वाचता येतं ना? मग वाचा!

उभे राहा. सगळेच. आज एकट्यादुकट्याला बोलणार नाही, कारण या बाबतीत अख्खा वर्ग सारखाच आहे.

तुमच्यातले कितीतरी जण इंजिनिअर झालात. कुणी बँकेत आहात, कुणी वकिली करता, कुणाचा स्वतःचा दवाखाना आहे. गृहकर्जाचा पाव टक्का कमी व्हावा म्हणून चार बँकांचे उंबरे झिजवता. कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत हुज्जत घालता. आणि फोनवर ‘मला मान्य आहे’ असं बटण दिसलं की डोळे मिटून अंगठा टेकवता. काय मान्य केलंत? कुणाला? कशासाठी? किती दिवसांसाठी? एकाचाही हात वर नाही. न वाचता अंगठा उठवणाऱ्या माणसाला आपल्याकडे अडाणी म्हणायचे. त्या बिचाऱ्याला वाचता येत नव्हतं. तुम्हाला काय झालं?

वेळ नव्हता, हे मला सांगू नका. रात्री साडेबाराला कोण कोण ऑनलाइन असतं ते मला दिसतं.

दुसरी सबब तर ठरलेलीच. ‘सर, आम्ही साधी माणसं. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं? मग पगार किती ते सख्ख्या मेव्हण्याला का सांगत नाही? मुलीच्या लग्नाची बोलणी पक्की होईपर्यंत शेजाऱ्याला सुगावा लागू देत नाही, ते का? बायकोच्या तपासणीचा रिपोर्ट पाकिटात घालून, पाकीट पिशवीत घालून आणता, ते कशासाठी? चोरी केलीत म्हणून? नाही. माणसाचं काही त्याच्या घरापुरतं असतं, हे तुम्हाला चांगलं कळतं. नेमकं तेवढंच फोन हातात घेतला की कळेनासं होतं. पगार जमा झाल्याचा मेसेज, हप्ता चुकल्याचा मेसेज, दवाखान्याच्या बिलाचा मेसेज, सगळं एका जागी आहे. विजेरीसारखं फुटकळ ॲप घेता आणि त्याने मागितली म्हणून मेसेज वाचायची परवानगी देऊन मोकळे होता. विजेरीला तुमचे मेसेज कशाला लागतात, हा प्रश्न सातवीतल्या मुलालाही पडेल. तुम्हाला पडत नाही, कारण पाडून घ्यायचा नसतो.

आणि फोनमधले नंबर. ते तरी तुमचे आहेत का? काकूंचा नंबर काकूंचा आहे. शाळेतल्या बाईंचा नंबर बाईंचा आहे. तुम्ही कोण ते वाटणारे? झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी हप्ता चुकताच कर्जदाराच्या मामा-मावशीला फोन करून शिव्या घातल्या, त्याचे फोटो बिघडवून नातेवाइकांत फिरवले. त्या मामा-मावशीने कुठे सही केली होती? रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर 2022 मध्ये नियम काढून सांगावं लागलं की कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधले नंबर, कॉलची यादी, फोटो-फायली यांना हात लावायचा नाही. नियम झाला. तो मोडून एखादं ॲप आजही नंबर मागतं, तेव्हा ‘नाही’ कोण म्हणणार? रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर तुमच्या खिशात बसलेला नाही.

आता जरा लाज वाटेल असं सांगतो. के. एस. पुट्टस्वामी हे नाव किती जणांनी ऐकलंय? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. 2012 साली, वयाच्या 86व्या वर्षी, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यात 2015 मध्ये केंद्र सरकारने उभं राहून सांगितलं की या देशातल्या नागरिकाला खासगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी 1954चा आणि 1962चा असे दोन जुने निकाल पुढे केले. ते निकाल मोठ्या पीठांचे, म्हणून त्यांच्यावर बोलायला नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ बसवावं लागलं. 24 ऑगस्ट 2017 रोजी त्या नऊही जणांनी एकमताने सांगितलं, हक्क आहे. जगण्याच्या हक्काइतकाच आहे, राज्यघटनेच्या कलम 21मध्येच आहे. पुट्टस्वामी ऑक्टोबर 2024 मध्ये गेले, 98 वर्षांचे होऊन. त्यांना काय लपवायचं होतं? उतारवयात घरी पेपर वाचत बसायचं सोडून ते कोर्टाची पायरी चढले ते तुमच्यासाठी. आणि तुम्ही? तो हक्क मिठाईच्या दुकानात दहा टक्के सवलतीसाठी मोबाइल नंबरासकट काउंटरवर ठेवून येता.

आधारचंच घ्या. 26 सप्टेंबर 2018चा निकाल काय होता? बँक खात्याला आणि मोबाइलच्या सिमला आधार जोडायची सक्ती नाही. खासगी कंपन्यांना कराराच्या बळावर आधार मागू देणारा आधार कायद्याच्या कलम 57चा भाग रद्द. पुढच्याच वर्षी कायदा बदलून ‘स्वेच्छेने’ देण्याची वाट करून ठेवली, हे खरं. पण स्वेच्छा म्हणजे तुमची इच्छा ना? ती आहे कुठे? लॉजवर खोली घ्यायची, द्या झेरॉक्स. जिमला नाव घालायचं, द्या झेरॉक्स. काही जण तर कुणी मागायच्या आत पुढे करतात.

त्या झेरॉक्सच्या दुकानातच जरा नीट बघा. कॉलेजच्या कोपऱ्यावरचं कुठलंही दुकान घ्या. तुम्ही कार्ड फोनवरून दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवता. तो कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, पुढची-मागची बाजू एका पानावर काढून देतो. पहिली प्रत काळी आली म्हणून बाजूच्या खोक्यात टाकतो. तुम्ही पाच रुपये देऊन निघता. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहिली, मेसेज त्याच्या फोनमध्ये राहिला, काळी प्रत खोक्यात राहिली. तिच्यावर तुमचा बारा आकडी नंबर आहे, जन्मतारीख आहे, घरचा पत्ता आहे, फोटो आहे. दुकानदार भला माणूस असेल, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण ‘दादा, फाइल डिलीट करा आणि ती प्रत द्या इकडे, फाडतो’ एवढं म्हणायला तुमची जीभ का रेटत नाही? भिडस्तपणा? भीड भिकेची बहीण, हे पाठ केलं होतं ना?

मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगून टाकलं होतं की आधारची प्रत कुणालाही देत सुटू नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. दोन दिवसांत केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ते पत्रक मागे घेतलं. कारण दिलं, लोक चुकीचा अर्थ काढतील. नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी म्हणजे झालं. पत्रक मागे घेतलं यावर तुम्ही दोन दिवस विनोद फिरवलेत. मास्क्ड आधार किती जणांनी उतरवून घेतलं? प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद कुलूपबंद करायची सोय तिथेच आहे. कुलूप लावलंय कुणी?

याचा परिणाम काय होतो, तेही सांगतो. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार चालू आहे, त्यात समोरचा भामटा आधी तुमचं पूर्ण नाव घेतो, पत्ता सांगतो, आधारचे आकडे वाचून दाखवतो. तिथेच माणसाचे पाय लटपटतात. एवढं माहीत आहे म्हणजे खरोखरच पोलीस असेल, असं वाटतं. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी आयुष्यभराची पुंजी घालवून बसलेत. फसलेल्या माणसाला मी हसत नाही, तुम्हीही हसू नका. पण लक्षात ठेवा, व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. फोन कापायचा आणि 1930 वर कळवायचं. हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातल्या आजीला सांगितलंत का? तिला फक्त ‘गुड मॉर्निंग’चे फोटो पाठवता.

इथवर बहुतेक नुकसान तुम्ही स्वतःचंच केलंत. पुढचं वाचताना मान खाली घाला. सोसायटीच्या ग्रुपवर घरकामाला येणाऱ्या मावशींचं आधार कार्ड कुणी टाकलं? ‘ही बाई आपल्याकडे कामाला आहे, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा.’ दीडशे लोकांच्या फोनमध्ये एका बाईचा नंबर, पत्ता, जन्मतारीख गेली. तिला विचारलंत? तिला नाही म्हणता आलं असतं का? कायद्याचं कलम लागतं की नाही, हा प्रश्न नंतरचा. तुमचं कार्ड तिच्या वस्तीच्या ग्रुपवर कुणी टाकलं असतं तर रात्रीत पोलीस चौकी गाठली असती. स्वतःच्या बाबतीत बेफिकीर असणं हा आळस आहे. दुसऱ्याच्या बाबतीत बेफिकीर असणं हा माज आहे. मुलांचंही तेच. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका आसन क्रमांकासकट स्टेटसवर. ते पोर उद्या मोठं होऊन विचारेल, माझं सगळं जगापुढे मांडायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? उत्तर तयार ठेवा.

कायद्याबद्दल विचारलं तर म्हणता, ‘आपल्याकडे कायदाच कुठाय?’ आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती का हवी आहे ते कंपनीने आधी सांगायचं, दिलेली संमती तुम्ही मागे घेऊ शकता, माहिती पुसून टाका म्हणू शकता, 18 वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागते, आणि कंपनीने चूक केली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आणखी एक. माहिती का हवी ते सांगणारी ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला मिळाला पाहिजे. त्या 22 भाषांत मराठी आहे. अभिजात दर्जा मिळाला तेव्हा फेटे बांधलेत ना? मग ही सूचना मराठीत मागा. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे 2027. तोवर झोपून राहायची मुदत तुम्हाला कुणी दिलेली नाही.

याच कायद्याच्या पोटात एक काटा आहे, आणि तो तुमच्या नजरेतून निसटला याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कलम 44(3). त्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदललं. पूर्वी एखादी माहिती वैयक्तिक म्हणून नाकारायची, तर अधिकाऱ्याला दाखवावं लागे की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो. शिवाय जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. आता ते सगळं छाटलं. माहिती वैयक्तिक आहे, एवढं पुरे. सार्वजनिक हिताचं कलम 8(2) शिल्लक आहे, पण त्याच्यासाठी भांडायचं ओझं तुमच्या डोक्यावर आलं. खासगीपणाचा हक्क नागरिकाने सत्तेपुढे मागितला होता. त्याचं नाव घेऊन फायली झाकायची सोय झाली. ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, 2002 साली, स्वतःचा माहिती अधिकार कायदा करून घेतला, तिथले तुम्ही. नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 रोजी लोकांसमोर ठेवला, हरकती पाठवायला मार्चपर्यंत मुदत होती. कुणी एक ओळ लिहिली? कुणी निदान मसुदा उघडला?

‘आपण लिहून काय होणार?’ ही सबब मी ऐकणारच नाही, कारण काय होतं हे तुम्ही पाहिलंय. 2015 मध्ये इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून दहा लाखांहून जास्त ईमेल दूरसंचार नियामक ‘ट्राय’कडे गेले. त्यात तुमचेही होते. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘ट्राय’ने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि फेसबुकला ‘फ्री बेसिक्स’ गुंडाळावं लागलं. पालघरच्या दोन मुलींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा श्रेया सिंघल नावाची विशीतली मुलगी कोर्टात गेली आणि मार्च 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-अ रद्द झालं. नोव्हेंबर 2025च्या अखेरीस ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून विका, असा आदेश निघाला. ओरड झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सक्ती मागे घेतली गेली. म्हणजे बोललं की हलतं. न बोलण्याला तुम्ही समंजसपणा म्हणता. मी त्याला अंगचोरपणा म्हणतो.

नागरिकशास्त्र तुम्ही ऑप्शनला टाकलंत, तेव्हा मी फार बोललो नाही. वाटलं, पोरं हुशार आहेत, मोठी झाली की कळेल. मोठे झालात. केस पिकायला लागले. हुशारीही शाबूत आहे, ऑफिसात ती बरोबर चालते. करारातल्या एका स्वल्पविरामावरून समोरच्याला घाम फोडता. तीच नजर स्वतःच्या फोनवर एकदा फिरवा, एवढंच मागतोय.

आज रात्री, जेवण झाल्यावर. फोनमध्ये कुठल्या ॲपला कशाची परवानगी दिली आहे, ती यादी उघडा आणि गरज नाही ती काढा. आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप लावा. आई-वडिलांच्याही. यापुढे प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगला जा. पार्किंगच्या वादात घसा फोडण्याआधी उठून विचारा, आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांची आधार कार्डं कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत आणि ती आजच्या आज का काढू नयेत. स्वतःच्या फोनमधलं आधी काढून जा. बसा खाली.