पोराच्या करिअरचा प्रश्न

तीन वर्षांचं निलंबन जास्त झालं की कमी, यावर मंगळवारी संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात दोन रिक्षावाले हमरीतुमरीवर आले. तिथलं ट्रॅफिक एरवीही हलत नाही, त्यामुळे वेळ दोघांकडेही भरपूर होता. माझा रिक्षावाला म्हणत होता, पैलवान आपल्या खेड तालुक्यातला, राक्षेवाडीचा, दोनदा महाराष्ट्र केसरी. त्याला असं घरी बसवतात का? शेजारचा म्हणत होता, पंचाला लाथ घातली ना, मग जन्माचा बसवा. मी मागच्या सीटवर कागदी कपातला चहा सांभाळत ऐकत होतो. कागदी कपातला चहा हा चहाच नव्हे, असं मी या स्तंभात पूर्वी लिहिलं आहे. कोणी ऐकत नाही.

रविवारी, 2 फेब्रुवारी 2025 ला, अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात काय झालं ते तुम्ही मोबाइलवर वीस वेळा पाहिलं असेल. मीही पाहिलं. त्या पैलवानाची, शिवराज राक्षेची, पाठ टेकली की नाही, हे वीस वेळा पाहूनही मला कळलं नाही. लाथ बसली की नाही, हे पहिल्याच वेळी कळलं.

पंच चुकला असेल. पंच काही वेडंवाकडं बोललाही असेल. वर्षाची मेहनत एका शिट्टीत गेली की कोणाचंही डोकं तापतं. ही तिन्ही कारणं मी एका दमात मान्य करतो आणि बाजूला ठेवतो. सोलापूरच्या पैलवान महेंद्र गायकवाडलाही निलंबनाची तीच तीन वर्षं मिळाली, त्याच्यासाठी आमच्या चौकात कोणी आवाज चढवला नाही, तेही ठेवा बाजूला. तालुका वेगळा पडला, दुसरं काय! दोनदा गदा मिळवलेल्या एका ज्येष्ठ पैलवानाने तर लाथ कमी पडली, गोळी घालायला हवी होती, अशा अर्थाचं बोलून टाकलं. त्यांच्याशी वाद घालण्याइतकं माझं वजन नाही.

माझं डोकं फिरलं ते चौथ्या कारणाने. माझा रिक्षावाला शेवटी हळवा होऊन म्हणाला, "काही म्हणा साहेब, पोराच्या करिअरचा प्रश्न आहे."

हे वाक्य मी या आठवड्यात दोन ठिकाणी ऐकलं. दुसरं ठिकाण पुढे सांगतो. आधी हे करिअर म्हणजे काय चीज आहे ते बघू.

माझ्या अंदाजाने ते काचेचं असावं. गडी पहाटे चारला उठतो, हजार-हजार बैठका मारतो, बदाम-तूप पचवतो, सव्वाशे किलोचा माणूस खांद्यावर घेऊन फिरतो. त्याचं करिअर मात्र एका ए-फोर कागदाने फुटतं. आखाड्यातली माती त्याला बाधत नाही, मॅटवरची आपटी बाधत नाही, निलंबनाच्या पत्राचा वारा लागला की त्याला न्यूमोनिया होतो. म्हणून सगळ्यांनी त्याला दुलईत गुंडाळून ठेवायचं. दहावी-बारावीला वाढीव गुण द्यायचे, सरकारी नोकरीत 5 टक्के जागा राखून ठेवायच्या, चौकाचौकात फ्लेक्स लावायचे. हे सगळं द्यायला माझी ना नाही, फ्लेक्स सोडून. पण गावाने एवढं दिल्यावर गावाने एकदा कान धरला, तर तेवढ्याने कोलमडेल असलं करिअर उभारलं कोणी?

आणखी एक गंमत. करिअर फक्त मारणाऱ्याला असतं. मार खाणाऱ्याला नोकरी असते. पंचाचं करिअर कोणी काढलं का? रिक्षावाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, "पंचाला कसलं करिअर? पंच तो पंच."

आणि "पोर" कोण? बावीस-पंचवीस वर्षांचा गडी. हा मतदान करतो. बुलेटचा सायलेन्सर फाडून रात्री साडेअकराला अख्खं निगडी प्राधिकरण जागं करतो. पण चौकशीच्या खोलीचा उंबरा ओलांडला की त्याचं पोर होतं. त्याच वयाचा मुलगा चाकणच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागू द्या. पहिल्या दिवशी सकाळी पंच कार्ड हातात पडलं की तो प्रौढ झाला. त्याने सुपरवायझरची कॉलर धरली, तर त्याच्या करिअरवर परिसंवाद होत नाहीत. दुपारच्या शिफ्टला त्याचं कार्ड चालत नाही, एवढंच होतं.

मी चौतीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली, म्हणून हे सांगतो. किती शो-कॉज टाइप केल्या आणि किती डोमेस्टिक इन्क्वायऱ्यांत बसलो, त्याची मोजदाद नाही. ट्रेनीला तेवढीही चैन नसायची. पर्मनंट कामगाराला निदान चार्जशीट मिळायची, बाजू मांडायला सहकारी मिळायचा, साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारता यायचे. त्यानंतर निकाल यायचा आणि तो बहुतेक वेळा कडक असायचा. महिंद्र अँड महिंद्रच्या एका कामगाराने वरिष्ठाला अर्वाच्य शिव्या दिल्या म्हणून त्याला बडतर्फ केलं होतं. नुसत्या शिव्या. हात उचलला नव्हता, पाय तर नाहीच. कामगार न्यायालयाला ती शिक्षा जास्त वाटली, सर्वोच्च न्यायालयाला वाटली नाही. 2005 मध्ये बडतर्फी कायम झाली. मला स्वतःला तो निकाल जड वाटतो. पण तेव्हा त्या कामगारासाठी कुठल्या चौकात रिक्षावाले भांडल्याचं ऐकलं नाही.

आता दुसरं ठिकाण.

पिंपरी-चिंचवडमधलं एक कॉलेज. नाव लिहीत नाही. प्राचार्य भले गृहस्थ आहेत आणि चहा कपबशीतून देतात. त्यांनी मला बुधवारी चौकशी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बोलावलं. प्रकरण साधं होतं. फुटबॉल टीमचा स्ट्रायकर आणि दोन सवंगडी एका बुलेटवर ट्रिपल सीट आले. पार्किंगच्या वॉचमनकाकांनी आयकार्ड मागितलं. स्ट्रायकरने कानाखाली वाजवली.

सीसीटीव्हीचं चित्रण आम्हाला दाखवलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं, बिनआवाजाचं. हात फिरतो, काकांची टोपी गटाराच्या कडेला पडते. काका वाकतात, टोपी उचलतात, मांडीवर दोनदा झटकतात, डोक्यावर घालतात, नीट बसली की नाही ते बोटांनी चाचपतात. आणि मग गेटची साखळी खाली सोडतात. बुलेट आत जाते.

त्या साखळीवर मी बराच वेळ अडकलो. समिती पुढे सरकली होती.

जिमखान्याचे सर म्हणाले, प्रकार मैदानाबाहेरचा आहे, खेळाशी संबंध नाही. हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. गेटच्या आत काय आणि बाहेर काय, हा माझ्या खात्यातला जुना वाद. ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांना बजावलं होतं की कामगार आवाराबाहेर कुठेही काहीही वागला, तर त्यावर सरसकट हात टाकता येणार नाही. बरोबरच आहे ते. माणसाचं सगळं आयुष्य काही कंपनीने विकत घेतलेलं नसतं. स्ट्रायकरने घरी भावाला टपली मारली असती, तर मी गप्प बसलो असतो. पण इथे पार्किंग कॉलेजचं, गेट कॉलेजचं, अंगातली जर्सी कॉलेजची. मैदानाबाहेर फक्त फुटबॉल होता.

मग सरांनी हुकमी पान टाकलं. "साहेब, शुक्रवारी चषकाची सेमी आहे. पोराच्या करिअरचा प्रश्न आहे." फार तर कारवाई स्पर्धा संपल्यावर करू, असंही म्हणाले. म्हणजे लग्न आधी लावू, पत्रिका नंतर बघू.

मी विचारलं, काका कुठे आहेत? त्यांचा जबाब घेऊ.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग क्लार्क म्हणाला, "त्यांची साइट बदलली, सर. कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या दिवशीच हलवलं. उगाच वाद नको म्हणून."

म्हणजे या प्रकरणात एका माणसावर तातडीने कारवाई झालेली होती. त्याच्यासाठी चौकशी समिती लागली नाही, बाहेरचा सदस्य लागला नाही, बिस्किटं लागली नाहीत.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला छळलं असतं तर कायद्याने प्राचार्यांची झोप उडवली असती. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं की निलंबित करायचं; काणाडोळा केला तर प्रमुखालाच त्या गुन्ह्याचा साथीदार धरतात. दोष सिद्ध झाला तर 2 वर्षांपर्यंत कैद, आणि 5 वर्षं दुसऱ्या कॉलेजातही प्रवेश नाही. चांगले दात असलेला कायदा आहे. पण वॉचमनचं रॅगिंग होत नाही. तो कुठे विद्यार्थी आहे?

करिअर, करिअर म्हणून सर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मीच त्या स्ट्रायकरचा पाय मोडायला आलोय. म्हणून मी त्यांना त्यांच्याच खेळातली एक लाथ सांगितली. तेव्हा नुकतीच तिला तीस वर्षं झाली होती. 25 जानेवारी 1995, लंडन, क्रिस्टल पॅलेसचं मैदान. मँचेस्टर युनायटेडचा एरिक कांतोना लाल कार्ड घेऊन बाहेर चालला होता. त्याच्यापुरता सामना संपला होता. प्रेक्षकांतून कोणीतरी काही बोललं आणि याने कठड्यावरून झेप घेऊन त्याला लाथ घातली. क्लबने उरलेला मोसमभर बसवला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ती बंदी सप्टेंबरअखेरपर्यंत लांबवली. न्यायालयाने आधी तुरुंगवास सुनावला, अपिलात 120 तास समाजसेवा दिली. ती त्याने लहान मुलांना फुटबॉल शिकवून पुरी केली. क्लबला झळ लागलीच, लीगचं विजेतेपद त्या वर्षी एका गुणाने हुकलं. पण आपल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला बाहेर ठेवून हरायची तयारी त्यांनी ठेवली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला हा परत आला, लिव्हरपूलविरुद्ध गोल केला. त्या मोसमात युनायटेडने लीगही जिंकली आणि एफए कपही, आणि 1996 मध्ये तिथल्या फुटबॉल पत्रकारांनी याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

करिअर बरबाद होतं म्हणतात ते हेच असेल, तर माझ्या नातवाचंही होवो.

सर म्हणाले, "साहेब, ते कांतोना होते." त्या "होते"मधला आदरार्थी बहुवचनाचा मान काकांच्या वाट्याला दिवसभरात एकदाही आला नव्हता. त्यांचा उल्लेख "तो वॉचमन" असाच चालला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते काही थोर नाही. शिक्षा लहान असली तरी चालेल. तीन वर्षं पैलवानाच्या उमेदीची असतात. कोणी ती कमी करा म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण शिक्षा गुणाच्या मापाने वाढू-घटू नये, आणि ती सेमीच्या आधी यावी. सेमीनंतरची शिक्षा म्हणजे सुटीच्या दिवशी धरलेला उपास. शिवाय ज्याला मारलं, तो माणूस निदान खोलीत हजर हवा. त्याच्यासमोर "करिअर" हा शब्द उच्चारून बघावा. जीभ अडखळते का ते कळेल.

मी सुचवलं: स्ट्रायकरने सेमी खेळायची नाही. काकांना परत आणायचं. पंधरा दिवस याने रोज तासभर काकांच्या शेजारी उभं राहून आयकार्डं तपासायची. प्राचार्यांनी मान डोलावली. सरांनी घड्याळ बघितलं. इतिवृत्तात आलं ते असं: "बाह्य सदस्यांनी काही उपयुक्त सूचना केल्या. खेळाडूस सक्त ताकीद देऊन स्पर्धेनंतर योग्य तो निर्णय घ्यावा असे ठरले."

खाली मी सही केली. का केली, विचारू नका. चौतीस वर्षांची सवय आहे. टाइप केलेला कागद पुढे आला की हात आपोआप चालतो. कांतोनाच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात.

शुक्रवारी सेमी बघायलाही गेलो. जाणार नव्हतो, पण मैदान घराजवळच आहे. पोरगं खेळतं मात्र झकास. दुसऱ्या हाफमध्ये उजव्या बगलेतून दोघांना चकवून त्याने जो गोल मारला, तो बघून मी उठून टाळ्या वाजवल्या. बघा, मीही "पोरगं"च म्हणालो.

काल सकाळी कॉलेजवरून गेलो तर गेटवर बारा बाय दहाचा फ्लेक्स. मधे स्ट्रायकर, हाताची घडी घालून. बाजूला सर. वरच्या ओळीत सहा भावी नगरसेवक. महापालिकेवर तेव्हा, 2022 च्या मार्चपासून, प्रशासक होता, त्यामुळे आमच्याकडे भावी लोकांचं पीक दांडगं होतं. फ्लेक्स बांधायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो वॉचमनच्या केबिनच्या खिडकीवरच ताणलाय. आत नवे काका बसलेत. त्यांना बाहेरचं काहीच दिसत नाही.

बरंच आहे म्हणायचं. आयकार्ड मागायची वेळच येणार नाही.