बोगद्यात अडकलेलं गाणं

१६४२ च्या सुमारास फ्रान्समध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलानं दातेरी चाकांचं एक गणकयंत्र बनवायला घेतलं. वडील सरकारी करवसुलीच्या कामावर होते आणि त्यांच्या बेरजा संपता संपत नव्हत्या. वीस वर्षांनी, १६६२ च्या मार्चमध्ये, याच माणसाच्या कल्पनेतून पॅरिसच्या रस्त्यांवर ठरलेल्या मार्गानं धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. पाच सू द्यावेत आणि बसावं. शहरी बससेवेची ही पणजी. त्याच ऑगस्टमध्ये तो वारला. त्याचं नाव ब्लेझ पास्कल. १६७० मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या टिपणांत मन रमवण्याच्या मानवी खटाटोपावर एक लांबलचक चिंतन आहे. स्वतःच्या सोबतीनं गप्प बसणं माणसाला झेपत नाही, म्हणून तो शिकार, जुगार, दरबार, लढाया असले उद्योग मागे लावून घेतो, असा त्याचा रोख होता.

म्हणजे मोबाइलच्या एका पूर्वजाचा आणि बसच्या पूर्वजाचा जनक एकच, आणि करमणुकीच्या हव्यासावर इतकं खोचक लिहिणाराही तोच. प्रवासात दोन वर्षांच्या पोराच्या हातात मोबाइल द्यावा का, हा प्रश्न खरं तर त्यालाच विचारायला हवा होता. त्याला मूल नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

आता हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांकडे जातो, आणि त्यांचं उत्तर तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, वर्ष ते दोन वर्षांच्या मुलालाही नको, त्यापुढे दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तर बरंच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. दोन वर्षांखाली आजीआजोबांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. या सूचना घराघरांत, विशेषतः सासूसुनांच्या वादात, दाखल्यासारख्या फेकल्या जातात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्याच कागदावर आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लहान मुलाला बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असंही तीच संघटना सांगते.

दादरहून सावंतवाडीला निघालेल्या बापानं या ओळीचं काय करावं? तास दीड तासात पोराचा मनसोक्त धावण्याचा हक्क सुरू होतो, तेव्हा गाडी जेमतेम पनवेलच्या आसपास असते. पडद्याविषयीचा उपदेश पाळायचा आणि जखडण्याविषयीचा मोडायचा, हे प्रवासात ठरूनच गेलेलं असतं. मूल पहिल्यांदा दुखावलं जातं ते इथे, मोबाइल बाहेर निघण्याच्या कितीतरी आधी. त्याला कुणी विचारलेलं नसतं. गणपतीला गावी जायचं हे त्याच्या आईबापांनी ठरवलेलं, तिकीट त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढलेलं. पोराच्या वाट्याला येते ती फक्त मांडी.

धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अंगानं बोलणारी माणसं याच जागी घसरतात. कंटाळा चांगला असतो, रिकामेपणातून मन घडतं, मुलांना थोडं कंटाळू द्या, असं सांगण्याची सध्या टूम आहे. या बोलण्याला आपल्याकडे मोठी परंपराही सापडेल. महानुभाव पंथानं आपल्या संन्याशांसाठी अटन आणि विजन हे दोन्ही आचार सांगितले: एका गावी मुळं धरायची नाहीत, फिरत राहायचं, आणि निर्जन जागी एकट्यानं बसायचं. प्रवास आणि पोकळी यांना एकत्र बांधणारी इतकी नेमकी कल्पना मराठीत दुसरी क्वचितच असेल. पण ती संन्याशानं स्वतः पत्करलेली. दीड वर्षाच्या बाळानं कुठलाही संन्यास घेतलेला नसतो. दुसऱ्यानं लादलेल्या वैराग्याला वैराग्य म्हणत नाहीत. साइड लोअर बर्थवर सहा तास कोंडलेल्या मुलाच्या किरकिरीत आध्यात्मिक संधी शोधणारा माणूस बहुधा शेजारच्या डब्यात बसलेला असतो.

मग द्यावा मोबाइल?

आधी तो दिल्यावर काय होतं ते नीट बघावं. पोर तत्क्षणी गप्प होतं. मान खाली, डोळे स्थिर, तोंड अर्धवट उघडं. नावानं हाक मारली तरी वर बघत नाही, भरवलेला घास चावायचंही विसरतं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय ही एकाग्रता! योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. बाहेरून पाहता मूढ आणि एकाग्र यांत गल्लत होऊ शकते, दोन्ही निश्चल दिसतात. फरक ओळखायला सोपी कसोटी आहे. खिडकीच्या कडीशी, रिकाम्या बाटलीच्या झाकणाशी खेळणारं पोर दहा मिनिटांनी आपण होऊन ते टाकून देतं, कारण लक्ष त्याचं असतं, हवं तेव्हा त्यानं काढून घेतलेलं. मोबाइल मात्र काढून घ्यावा लागतो. एक बडबडगीत संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं, तिथे थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. लक्ष धरणारं पोर नाही, पडदा आहे. आणि काढून घेतल्यावर जे भोकाड पसरलं जातं, ते ऐकून पलीकडच्या बर्थवरचे आजोबा जी मान हलवतात, ती प्रत्येक आईला पाठ असते.

शिकण्याचं म्हणाल, तर २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक सुरेख प्रयोग केला. नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठकांत खेळली, बोलली. ती बाळं चिनीतले बारीक ध्वनिभेद ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांनी काही उचललं नाही. समोर जिवंत माणूस हवा होता. अलीकडे, २०२२ मध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना तीन ते पाच वर्षांच्या मुलांत असं दिसलं की, चिडलेल्या मुलाला शांत करायला वरचेवर मोबाइल दिला जात असेल, तर पुढच्या महिन्यांत त्याच्या भावनांचे झोके वाढतात, मुलग्यांत अधिकच. मूल मुळात चिडकं म्हणून मोबाइल की मोबाइलमुळे चिडकं, हे दोन्हीकडून फिरणारं चक्र असावं.

शिवाय 'गाडी लागणं' आहेच. पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, कुणीतरी घाईघाईनं पिशवी शोधतं. कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की शरीर वळणावर हेलकावतंय, आणि डोळे सांगतात की समोरचं चित्र जागच्या जागी आहे. या भांडणात पोट मरतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत तो सर्वाधिक असतो. आंबा घाटात तीन वर्षांच्या मुलाला कार्टून लावून देणाऱ्याला तत्त्वज्ञान शिकवण्याची गरज नाही, साखरप्यापर्यंत घाट स्वतःच शिकवतो. आपल्या आज्या मुलाला खिडकीशी घेऊन 'लांब बघ, डोंगराकडे बघ' म्हणायच्या, ते याच कारणानं बरोबर होतं.

एवढं सगळं माहीत असूनही मोबाइल दिला जातो. तो कुणासाठी दिला जातो, हा या विषयातला खरा प्रश्न. पास्कलची माणसं रिकामेपणाला घाबरत होती, कारण रिकामं बसलं की स्वतःचं मरण आणि क्षुद्रपण आठवतं. दोन वर्षांच्या पोराला यातलं काही आठवत नाही. त्याची अडचण शुद्ध शारीरिक आहे: पाय आहेत आणि चालायला जागा नाही. रिकामेपणाचं भय मोठ्यांचं. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन यांच्या गटानं माणसांना पंधरा मिनिटं खोलीत नुसतं विचार करत बसवलं. सोबत एक बटण होतं, दाबलं की स्वतःलाच विजेचा हलका झटका बसे. १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी गप्प बसण्यापेक्षा ते बटण दाबलं. ही माणसं आईबाप होतात तेव्हा पोर कंटाळायच्या आधीच, गाडी सुटायच्या आधीच, मोबाइल काढतात. आक्षेप घ्यायचा तर या 'आधीच'वर घ्यावा. रडून रडून लाल झालेल्या मुलाला दहा मिनिटं गाणं दाखवणं आणि अजून खिडकीकडे एकदाही न पाहिलेल्या मुलाला पडद्याकडे वळवणं, या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत.

अर्थात प्रवासात जगाकडे पाठ फिरवायला मोबाइलनं शिकवलं, असंही नाही. लंडनच्या यूस्टन स्थानकावर १८४८ मध्येच डब्ल्यू. एच. स्मिथचा पुस्तकांचा स्टॉल उघडला. आपल्याकडे १८७७ मध्ये अलाहाबादला व्हीलरच्या पुस्तकविक्रीची सुरुवात झाली आणि मग फलाटाफलाटावर पुस्तकं आली. आगगाडीत लोक समोरच्या अनोळखी माणसाच्या नजरेपासून वाचायला पुस्तकात तोंड घालत. त्याच काळात इंग्रज लेखक जॉन रस्किन करवादला होता की, रेल्वे प्रवाशाचं जिवंत पार्सल करते. रस्किनला सगळ्याच नव्या गोष्टींचा राग यायचा, त्यामुळे त्याचं किती मनावर घ्यायचं ते घ्या. पण पार्सल हा शब्द ऐन जागी बसतो. पार्सलाचा एकच गुण बघतात: पोचेपर्यंत आवाज होऊ नये.

आवाजाची ही अपेक्षा सहप्रवाशांचीही असते, आणि ती जवळजवळ नेहमी आईकडूनच केली जाते. मुंबईत बेस्टनं २०२३ मध्ये बसगाड्यांत इअरफोनशिवाय मोठ्या आवाजात व्हिडिओ लावायला मनाई केली, ते उत्तमच झालं. पण पोर रडलं तर आईकडे बघायचं, आणि गाणं लावलं तरी आईकडेच बघायचं, यातून तिनं वाट काढायची कुठून? लेकराला एकटीनं घेऊन निघालेल्या बाईच्या मोबाइलवर नीतीचं प्रवचन देणाऱ्यानं आधी ते पोर वीस मिनिटं कडेवर घ्यावं, दारापर्यंत दोन फेऱ्या माराव्यात. पूर्वी डब्यात हे न सांगता व्हायचं. आणि प्रवास आगगाडीचाच असतो असंही नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत थेट विमानानंही पंधरा-सोळा तास लागतात. तिथे नातवाला घेऊन जाणाऱ्या आजीनं तासाचा हिशोब ठेवला नाही, तर तिला कुठल्याही देवापुढे जाब द्यावा लागू नये. विमान उतरताना मात्र मोबाइलचा उपयोग नाही. कान दडपतात म्हणून बाळ रडतं, तेव्हा काहीतरी चोखायला, गिळायला द्यावं लागतं.

कोकण रेल्वेवर या सगळ्याची आपसूक परीक्षा होते. उक्षी सोडलं की करबुड्याचा बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी वेगात असली तरी पार व्हायला काही मिनिटं लागतात, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. रेंज जाते. गदिमांच्या आगीनगाडीच्या गाण्याचं रंगीत कार्टून पोराच्या हातात मध्येच गोठतं. खिडकीबाहेर पाहण्याचा खेळ करणारं ते गाणं, आणि ते बघायला खिडकीकडे पाठ केलेली! पडद्यावर पांढरं वर्तुळ गरगरत राहतं. पोर आधी पडद्याला बोटं मारतं, मग ओठ काढतं. मग काळ्या काचेत त्याला कुणीतरी दिसतं. ते हात हलवतं, काचेतलं पोरही हलवतं. बोगद्याचा आवाज छातीत घुमत असतो, तो बहुधा त्याला आवडतो. ते स्वतःही एक लांब 'आऽऽ' काढून बघतं आणि तो 'आऽऽ' डब्यात कुणालाच ऐकू येत नाही.

उजेड होतो, रत्नागिरी येऊन जाते आणि थोड्याच वेळात गाडी पानवल नदीच्या पुलावर चढते. खाली चौसष्ट मीटर हिरवी दरी. डब्यातली सगळी मोठी माणसं घाईघाईनं मोबाइल काढून खिडक्यांशी धरतात, बापही. पोराला नीट दिसत नाही, म्हणून ते त्याच्या दंडाखालून डोकं घुसवतं.