नवलाच्या बातम्या व ऐकणाराचें मन

साताऱ्याकडील एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस पत्रानें एक प्रश्न विचारिला आहे. रात्रीं प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्या मंडळींतील कांहीं लोक देवळाच्या ओट्यावर बसतात. पूर्वीं एकजण वर्तमानपत्र वाचून दाखवी; आतां बहुतेकांच्या हातीं मोबाईल आल्यामुळें जो तो आपली बातमी पुढें करतो. ऊस, पाऊस, बाजारभाव हे विषय लौकर संपतात. परंतु कोठें दोन डोक्यांचें वासरूं जन्मलें, कोठें नवरदेव मांडवांतून पळाला, असें कांहीं निघालें कीं दिवा विझवावयाची आठवण राहात नाहीं. मग कोणी हांसतो, कोणी जीभ चावतो, कोणी "कलियुग" म्हणून मोकळा होतो, आणि नुकताच ऐकलेला शास्त्रपाठ सर्वांच्या ध्यानांतून जातो. "हें ऐकणें पाप आहे काय? मीं तें बंद करावें काय?" असें ते विचारतात.

प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाहीं. लूकानें अथेनैकरांविषयीं लिहितांना म्हटलें आहे कीं, नवीन कांहीं सांगावें किंवा ऐकावें यापलीकडे त्यांचा वेळ दुसऱ्या कशांत जात नसे (प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १७). हें वचन घेऊन बातम्यांची हौस धिक्कारण्याची आपल्या उपदेशकांत चाल आहे. पण पुढील हकीकत पाहा. त्याच हौसेनें त्या लोकांनीं पौलाला अरीयपगावर नेलें, आणि पौलहि त्या नगरांत फिरतांना दिसलेल्या एका चमत्कारिक वेदीपासूनच बोलूं लागला. त्याचें भाषण संपल्यावर कित्येक हांसले, कित्येक "पुन्हां ऐकूं" म्हणाले, आणि थोड्यांनीं विश्वास ठेविला. सर्वांच्या कानीं बातमी एकच पडली होती. म्हणून नवलाची गोष्ट ऐकण्याच्या हौसेस आम्ही पाप म्हणत नाहीं. ऐकल्यावर तोंडांतून प्रथम काय निघतें, याचा मात्र विचार झाला पाहिजे.

सर्वच नवल वाईट नसतें, हें अगोदर सांगून टाकूं. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें गांव यशवंतराव चव्हाण यांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक होतें. सन २०२१ च्या अखेरीस तें दुसऱ्याच कारणानें गाजलें. तेथील एका कारागिरानें भंगारांतले भाग जुळवून सुमारें साठ हजार रुपयांत एक चारचाकी गाडी केली; ती मोटारसायकलीसारखी लाथ मारून सुरू होई. कोणी हांसले, कोणीं कायदा दाखविला. मोटारी बनविणारे उद्योगपति आनंद महिंद्र यांनींहि ती पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाहीं हें त्यांनीं नाकारलें नाहीं. परंतु कारागिराच्या कल्पकतेचें कौतुक केलें, आणि जानेवारी २०२२ मध्यें त्यास नवी गाडी देऊन ती घरची गाडी आपल्याकडे ठेवून घेतली. हांसणारांस चाकें दिसलीं व यांस हात दिसले, इतकेंच.

नवलानें माणसाची बुद्धि चळते, तें प्रकरण याहून अवघड आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं पहाटे दिल्लींत अशी वार्ता उठली कीं गणपतीची मूर्ति दूध पिते, आणि दिवस मावळण्यापूर्वीं ती भारतभरच नव्हे तर लंडनपर्यंत पोंचली. चमचा व दुधाचें भांडें घेऊन लोक रांगा लावून उभे राहिले. पुढें शास्त्रज्ञांनीं रंगीत दूध वापरून पाहिलें, तेव्हां सर्व उलगडा झाला. चमच्यांतलें दूध ओल्या दगडास टेकलें कीं पृष्ठताणामुळें तें ओढलें जातें, आणि पातळ थरानें मूर्तीच्या अंगावरून खालीं ओघळतें. पांढरें दूध पांढऱ्या दगडावर डोळ्यांस दिसत नाहीं. त्या दिवशीं आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ हांसणें झालें. आम्हीहि हांसलों, हें कबूल केलें पाहिजे.

पण मग मार्च २०१२ आला. मुंबईंत विलेपार्ले येथील इर्ला भागांत वेलंकणी मातेच्या देवळाजवळ क्रुसावरील मूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब गळूं लागले. लोक जमले, प्रार्थना झाल्या, कित्येकांनीं तें पाणी तीर्थ म्हणून घेतलें. सनल इडामारुकू नांवाच्या एका बुद्धिवादी गृहस्थानें तेथें जाऊन भिंतीची मागची बाजू पाहिली. जवळचें गटार तुंबलें होतें, व तेंच पाणी केशाकर्षणानें भिंतींतून चढून मूर्तीपर्यंत आलें होतें. तीर्थ म्हणून लोक काय पीत होते, हें वाचकांनीं समजून घ्यावें. आणि हें दाखविणाराचे आभार मानावयाचे सोडून, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी त्याच्यावर पोलिसांत झाल्या. त्याच वर्षीं तो देश सोडून फिनलंडास गेला.

येथें आपल्यापैकीं पुष्कळांचें उत्तर तयार असतें: "ती रोमन मंडळी, आपण मूर्ति मानीत नाहीं." मूर्ति मानीत नाहीं हें खरें. पण अमक्या पाळकांनीं हात ठेवितांच गांठ विरघळली, तमक्या सभेंत लंगडा धांवला, असा निरोप मोबाईलवर येतांच, तो कोणीं पाहिला, कोणत्या गांवीं पाहिला, हें न विचारतां आपण तो दहा ठिकाणीं धाडतों कीं नाहीं? देव चमत्कार करितो असें आम्ही मानितों. म्हणूनच ऐकींव गोष्टीस त्याचें नांव लावण्याची आम्हांस भीति वाटते. मिलिता बेटावर, ज्यास आज माल्टा म्हणतात, पौलाच्या हातास साप डसला तेव्हां लोक म्हणाले, हा खुनी असला पाहिजे. कांहीं वेळानें तो मेला नाहीं असें पाहून तेच लोक म्हणाले, हा देव आहे. दोन्ही वेळां ते चुकले, आणि दोन्ही वेळां त्यांस आपल्या म्हणण्याची पूर्ण खात्री होती. पौलानें मात्र तो साप शेकोटींत झटकून टाकिला होता, इतकेंच.

या बाबतींत आपल्याच मुलखांतील एका माणसाचें ऋण आम्हांस मान्य केलें पाहिजे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचें शिक्षण सांगलीस व मिरजेस झालें. १९८९ सालीं त्यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापिली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत त्यांस गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. ते आपल्या विश्वासाचे नव्हते, ईश्वरहि मानीत नव्हते. परंतु बातमी कानीं आली कीं जाऊन पाहावें, हातीं घेऊन तपासावें, मग बोलावें, हा नेम त्यांनीं जन्मभर पाळिला. सत्य हा ज्याचा प्रभु आहे त्या मंडळीनें हा नेम एका नास्तिकाकडून शिकावा, याची आम्हांस लाज वाटते. पण शिकूं नये असें मात्र वाटत नाहीं.

आतां ज्या बातमीसाठीं आम्ही ही लेखणी उचलली तिच्याकडे येऊं.

२२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यांत एक समारंभ झाला. जिल्ह्यांतील २८५ मुलींस त्या दिवशीं नवीं नांवें देण्यांत आलीं. तोंवर त्यांचीं नांवें नकुशी, नकोशी, नकुसा अशीं होतीं. ही बातमी परदेशांतील पत्रांनींहि छापिली, आणि जगांतील लोकांनीं सकाळच्या चहाबरोबर ती वाचली. हिंदुस्थानांत मुलींचें नांव "नको" असें ठेवतात! कोणी हांसले, कोणी हळहळले, आणि पान उलटलें. आपल्या खेड्यांतून मात्र ती बातमी म्हणून कोणास नवी नव्हती. वर्गांत, शेतांत, पाणवठ्यावर एखादी नकुशी प्रत्येकाच्या ओळखीची होती.

विलक्षण नांवांची आपल्याकडे वाण नाहीं. दगडू, धोंडू, केरबा हीं नांवें आपल्या वडिलांच्या पिढींत घरोघर होतीं, आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या वहींतहि तीं सांपडतील. परंतु दगडू व नकुशी यांस एका मापानें मोजणें आम्हांस सर्वस्वीं चुकीचें वाटतें. ज्या घरीं मुलें जगत नसत तेथें मागून झालेल्या मुलास दगड म्हणत, धोंडा म्हणत, केर म्हणत. हेतु हा कीं मृत्यूचें किंवा वाईट दृष्टीचें लक्ष त्याजकडे जाऊं नये. ती समजूत खुळी होती, पण त्या कुरूप नांवाच्या पोटांत माया होती: हा आम्हांस हवा आहे, तो कोणीं नेऊं नये. नकुशीच्या नांवांतहि एक विनंति आहे. ती मुलीसाठीं नाहीं, तिच्याविरुद्ध आहे. आतां पुरे, पुढें मुलगा दे, असें देवास सांगण्याकरितां आईबापांनीं तिसऱ्या चौथ्या मुलीच्या अंगावर तो निरोप लिहून ठेविला; आणि तो निरोप घेऊन ती शाळेंत हजेरी देत राहिली.

होशेय संदेष्ट्याच्या घरांतील गोष्ट उपदेशकांस ठाऊक आहेच. त्याच्या मुलीचें नांव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाहीं अशी. तें नांव इस्राएलाच्या पापाची खूण म्हणून देवाच्या सांगण्यावरून ठेविलें होतें. पण तेंच पुस्तक थोडें पुढें वाचलें कीं पहिलें अक्षर गळून पडतें आणि तिला रुहामा म्हणावें असें सांगितलें जातें. शास्त्रांत ज्या मुलीस नकोशी म्हटलें, तिला शास्त्रानेंच पुढील अध्यायांत हवीशी केलें. साताऱ्याच्या सरकारी कचेरींतील लोकांनीं होशेय वाचला होता म्हणून तें काम केलें असें नाहीं. तरी तें काम त्यांनीं केलें, आणि आपण, ज्यांच्या हातीं तें पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांनीं केलें नव्हतें.

त्याच बातमींत एक आंकडा होता. सातारा जिल्ह्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुली होत्या ८८१. निसर्गाच्या मापानें त्या साडेनऊशेंच्या आसपास असावयास पाहिजेत. हा आंकडा वाचून कोणी हांसलें नाहीं, कोणास नवलहि वाटलें नाहीं, कारण आंकड्यांत गंमत नसते. नांव मिळालेल्या २८५ मुली मंचावर आल्या, त्यांस प्रमाणपत्रें व फुलें मिळालीं. ज्यांस "नको" हेंहि नांव मिळालें नाहीं, त्या आंकड्यांत राहिल्या. मार्च २०१७ मध्यें सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें गर्भपाताच्या वेळीं एक स्त्री मरण पावली, आणि तिच्या मृत्यूच्या तपासांत पोलिसांस तेथें पुरलेले १९ भ्रूण सांपडले. म्हैसाळ मिरज तालुक्यांत आहे. मिरज म्हणजे जेथें मिशनच्या दवाखान्यांत शंभराहून अधिक वर्षें आपले लोक जन्मले व बरे झाले ती मिरज.

एकदां कांहीं लोक प्रभु येशूकडे अशीच बातमी घेऊन आले. पिलातानें कांहीं गालीलकरांस यज्ञ करीत असतांनाच मारिलें होतें. बातमी भयंकर होती, विलक्षणहि होती. आणि सांगणारांच्या मनांत कदाचित् हेंहि होतें कीं, ज्यांच्यावर असें येतें ते तसेच पापी असले पाहिजेत. प्रभूनें ती बातमी टाकून दिली नाहीं. उलट स्वतः आणखी एक सांगितली, बुरूज कोसळून अठरा माणसें मेल्याची. आणि मग मेलेल्यांविषयीं न बोलतां सांगणारांकडे वळून त्यांच्याच पश्चात्तापाची गोष्ट काढिली (लूक, अध्याय १३). ते एक बातमी सांगून निघून जाणार होते. तसें जाऊं न देतां त्यानें त्यांस उभें केलें.

साताऱ्याच्या त्या बातमीपुढें आम्ही तसे उभे राहिलों तर काय दिसतें? आपण ख्रिस्ती, आपल्यांत नकुशी नसते, असें आपण म्हणूं. तें नांव नसेल. पण मुलगा झाला कीं पेढे आणि मुलगी झाली कीं जिलेबी, तीहि मागितली तर, हा भेद आपल्या घरांत आहे कीं नाहीं? तिसऱ्या मुलीच्या बाप्तिस्म्यास आजी आली नाहीं, असें आमच्या पाहण्यांत आहे. आणि पाळकांनीं "देवाचें दान" म्हणून तिला वर उचललें तेव्हां मागच्या बांकावरून "पुढच्या खेपेस" असा आशीर्वाद आलेला आम्हीं आमच्या कानांनीं ऐकिला आहे. तो आशीर्वाद देणारी बाई प्रेमळ होती. तिला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, आणि आम्हींहि त्या वेळीं तिला कांहीं सांगितलें नाहीं.

उपदेशक बंधूंस आम्हीं असें लिहिलें आहे कीं, ओट्यावरील वाचन बंद करूं नका. दोन डोक्यांच्या वासराची बातमी आली तर ती कोणीं पाहिली हें विचारा, आणि ठाऊक नसेल तर हांसून सोडून द्या. माणसाची बातमी आली, तर हांसणें झाल्यावर दिवा विझविण्यापूर्वीं एवढें विचारा कीं त्या माणसाच्या जागीं आपल्या मंडळींतलें कोण आहे. त्यांच्या गांवीं येत्या महिन्यांत एका मुलीचा बाप्तिस्मा आहे. घरांत अगोदरच्या तीन मुली आहेत, आणि आईबापांनीं अजून नांव ठरविलेलें नाहीं, असें त्यांच्या पत्राच्या शेवटच्या ओळींत आहे. पेढ्यांसाठीं पंचवीस रुपये आम्हीं या पत्राबरोबर पाठविले आहेत.