होडीचा भाव

आमची बेलापूरची प्रवरा खाली प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथं जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी मागं फुगत येतं. मामांची मासेमारीची लाकडी होडी तिथलीच. २०१६च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं अन् मामांनी ती विकायला काढली.

भाव काय सांगायचा? गिऱ्हाईक म्हणालं, "पाणीच न्हाई, सरपणाच्या भावानं द्या." मामी म्हणाली, "अहो, दुप्पट सांगा, त्यो निम्म्यावर आणीलच." बाजाराची रीतही हीच, जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबतात तेव्हा दुसरं काय चालतं?

मामांनी होडी पालथी घातली. डांबर खरवडून कुजकी फळी स्वतःच दाखवली, तिचा खर्च वजा केला. बाकीच्या फळ्या किती पावसाळे काढतील, तेवढ्याचे पैसे सांगितले. दुष्काळापायी मात्र एक रुपया सोडला नाही.

मला हे पटतं. कुजकी फळी हा होडीचा दोष, तो विकणाऱ्यानं सोसावा. पाऊस पडला नाही, त्यात होडीचं काय चुकलं? पण घेणाराही भोईच. पाणी येईस्तोवर त्यालाही हात बांधून बसायचं होतं. मामांनी निम्मे पैसे पोळ्यानंतर घ्यायचं कबूल केलं. भाव तोच ठेवला.