टाकावं कुठं?

मराठीत ‘टाकणे’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. कर्ज असेल तर फेडून टाकावं, भांडण असेल तर मिटवून टाकावं, जुनं कपाट असेल तर देऊन टाकावं. ‘टाक’ म्हटलं की विषय संपला. कुठं टाकू, असं कुणी विचारत नाही. आमच्या कोल्हापुरात तर माणूस जरा विचारात पडलेला दिसला, की शेजारचा म्हणतो, ‘‘करून टाक की भावा!’’ मराठीत न टाकायचा टाक एकच, तो देव्हाऱ्यातला. बाकी सगळं टाकण्याजोगं.

या ‘कुठं’वर विचार करायची वेळ माझ्यावर पेन्शनीत निघाल्यावर आली. नोकरीत असताना घरातला कचरा कुठं जातो हे मला ठाऊक नव्हतं. तो जातो, एवढंच ठाऊक होतं. मग चिरंजीव पुण्याहून आले ते एक हिरवी आणि एक निळी बादली घेऊनच. सरकारनं 2016 साली नियम करून कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वर्ण पाडले होते, ते त्यांनी मला समजावून सांगितलं. चारांतला एक वर्ण कमी झाला, ही त्यातल्या त्यात प्रगतीच. बादल्यांचं खातं अर्थातच रिकामटेकड्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

वरवर सोपं वाटतं, पण बसून बघा. नारळाची शेंडी ओली की सुकी? चघळलेली शेवग्याची शेंग ओली, हे मान्य. पण तीच दोन दिवस उन्हात राहिली तर तिचं वर्णांतर होतं का? दुधाच्या पिशवीचा कात्रीनं उडवलेला कोपरा तर माझा वैरीच झाला. पिशवी धुऊन भंगारवाल्याला देता येते, पण तो नखाएवढा कोपरा कुणाच्याच हाताला लागत नाही. गटारातून थेट पंचगंगेला जाऊन पोचतो. म्हणून कोपरा सबंध कापू नये, नुसती चीर द्यावी, पिशवीलाच लोंबकळत ठेवावा. हे मी घरात तीनदा सांगितलं. चौथ्यांदा आमची ही म्हणाली, ‘‘उद्यापासून तुम्हीच दूध तापवा.’’

त्या मानानं गंगावेशीतला दूध कट्टा बघा. म्हैस समोर उभी, धार पेल्यात, पेला तोंडाला, फेस मिशीला. पेला परत दिला, मिशी पुसली, संपला व्यवहार. म्हैस कट्ट्यावर मागं जे टाकते ते कचऱ्यात धरायचं नाही, कारण त्याच्या शेणी होतात. आणि शेणीची किंमत कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेच्या स्मशानात शेवटी आपण जातो ते शेणींवरच. ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असं इथं शिमग्यात सांगतात आणि लोक खरोखर शेणी नेऊन देतात. म्हशीनं टाकलेलंसुद्धा इतकं मानानं वापरणारं आमचं गाव. आणि त्याच गावानं कसबा बावड्याजवळ, लाईन बाजारात, वर्षानुवर्षं कचरा टाकून टाकून डोंगर उभा केला. सह्याद्रीत कमी होते की काय!

या दोन बादल्यांनी मला थोडी मग्रुरी आली, हे कबूल करतो. गल्लीत मी व्याख्यानं देऊ लागलो. त्यात आईचा दाखला हमखास असायचा. 1960च्या सुमारास आमच्या घरातून दिवसाकाठी सुपलीभर केर बाहेर पडायचा, आणि केर म्हणजे निव्वळ धूळ. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की पोतेरं. राख भांड्यांना, साली शेजारच्या म्हशीला, करवंटी मिठाला. शिळ्या भाताला फोडणी आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा. ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकल्याशिवाय आईनं ते सांभाळलं, असं मी म्हणायचो आणि ऐकणारे माना डोलवायचे.

त्या व्याख्यानात एक गोष्ट मी गाळत असे. कुस्कऱ्याच्याही पलीकडे गेलेली भाकरी, आंबूस झालेली आमटी आईनंही टाकलेली नाही. पण ती आम्हीही खाल्लेली नाही. संध्याकाळी मागच्या दारात एक बाई यायची, ‘‘वाढा वो माय’’ म्हणून. ते तिच्या पदरात पडायचं. घरात काही वाया गेलं नाही याचं समाधान आईला, आणि पुण्यही वर. आमचं टाकाऊ कुठं जात होतं, तर एका माणसाच्या पोटात. आईला दोष देत नाही. चार घरांत तीच रीत होती. पण दाखला देताना तेवढं मागचं दार मी लावून घ्यायचो.

आता काचेचं सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली. काच ओली नाही, म्हणून निळ्या बादलीतल्या पिशवीत नीट वेचून भरली. तुकडासुद्धा फरशीवर राहू दिला नाही, नातवंडं यायची होती. सकाळी टिपर गाणं वाजवत आला, पिशवी गेली, आणि मी निर्मळ मनानं पेपर उघडला.

दोन दिवसांनी टिपरवरची मावशी आली ती उजव्या अंगठ्याला चिंधी बांधून. ‘‘परवा ह्या गल्लीतनं कुणीतर काच घातलीया वो पिशवीत. दोन टाकं पडलं.’’

गल्लीत मी, समोरचे मास्तर आणि शेजारच्या काकू उभे होतो. तिघांनी मिळून हळहळ व्यक्त केली. ‘‘लोकांना अक्कल नाही,’’ असं एक वाक्यही कुणीतरी म्हटलं. ते मी म्हटलं.

पुढच्या खेपेला मी शहाणपणा केला. फुटका बल्ब चार कागदांत गुंडाळला आणि वर तांबड्या शाईनं ठळक ‘काच’ लिहिलं. मावशीनं पुडकं फिरवून बघितलं आणि म्हणाली, ‘‘लिवलासा ते झाक केलासा साहेब. पर पिशवीत हात घातल्याबिगर वाचायचं कसं?’’ मग म्हणाली, ‘‘तसलं काय असलं तर हातात द्यायचं. मी येगळं ठेवतो की.’’

तेव्हापासून तसलं काही असलं की मी ते तिच्या हातात देतो. ती डाव्या हातानं घेते, उजवा अंगठा अजून पुरता वळत नाही. परवा पुन्हा म्हणाली, ‘‘कोण असंल वो त्यो?’’

आमची ही रोज सकाळी चहा देताना म्हणते, ‘‘अहो, सांगून टाका एकदाचं.’’ मी हो म्हणतो. तेवढ्यात टिपरचं गाणं ऐकू येतं, मी दोन्ही बादल्या घेऊन खाली जातो आणि यातलं ओलं कुठलं, सुकं कुठलं, ते मावशीला सांगतो.