कल्पित जगाचा निर्माता आणि वाचकांचे प्रश्न

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे तीन खंड १९५४ आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर मिडल-अर्थ या त्यातील कल्पित भूमीचे वंश, भाषा व इतिहास यांविषयी वाचक लेखकालाच पत्रांतून प्रश्न विचारीत राहिले. ग्रंथाबाहेर दिलेल्या अशा उत्तरांना कितपत अधिकार द्यावा, हा प्रश्न साहित्यविचाराने गंभीरपणे घ्यावा असा आहे.

असे प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाला टोल्किन यांच्याच विचारातून मिळतो. १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी उपसृष्टीची कल्पना मांडली. उपसृष्टी म्हणजे ईश्वरनिर्मित जगाच्या आत माणसाने शब्दांनी उभारलेले दुय्यम जग, ज्याच्यावरचा विश्वास त्याच्या अंतर्गत सुसंगतीवर टिकतो. लेखकाने सुसंगतीचा दावा केला की ती तपासणे ओघानेच वाचकाकडे येते. १९५४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॅथलिक ग्रंथविक्रेत्याने, एल्फ या वंशाचा पुनर्जन्म दाखवून लेखकाने उपनिर्मात्याची मर्यादा ओलांडली का, असे विचारले, तेव्हा टोल्किन यांनी दीर्घ उत्तर लिहिले. मात्र त्यात आपण स्वतःला फार महत्त्व देत आहोत असे वाटून ते पाठवले नाही.

या पत्रांचे खरे मोल त्यांतील अनिश्चिततेत आहे. छपाईपूर्व मुद्रिते वाचणाऱ्या लेखिका नेओमी मिचिसन यांना त्यांनी कळवले की टॉम बॉम्बाडिल हे पात्र हेतुतः कोडे म्हणून ठेवले आहे. आणि एंट या वृक्षपालक वंशाच्या हरवलेल्या स्त्रियांविषयी लिहिताना त्या आपल्या बागांसह युद्धात नष्ट झाल्या असाव्यात, काही कदाचित पूर्वेकडे पळाल्याही असतील, अशा शक्यता मांडून शेवटी आपल्याला ठाऊक नाही असे म्हटले. येथे निर्माता मालकाच्या नव्हे, अपुऱ्या साधनांवर काम करणाऱ्या इतिहासकाराच्या भाषेत बोलतो, आणि हीच भूमिका त्या जगाला न्याय देणारी आहे.

उत्तर ग्रंथाकडे परत नेते तेव्हा ते सर्वांत समृद्ध होते. धारकाला मोहात पाडणारी सत्तेची मुद्रिका नष्ट करण्यासाठी गेलेला फ्रोडो अखेरच्या क्षणी तिच्यावर हक्क सांगतो, मग तो नायक म्हणून अपयशी ठरला का, या प्रश्नावर १९६३ च्या पत्राच्या मसुद्यात टोल्किन यांनी ते अपयश मान्य केले, परंतु ते नैतिक अपयश मानले नाही, कारण त्या क्षणीचा दाब कोणाच्याही प्रतिकारशक्तीपलीकडचा होता आणि फ्रोडोने आपली सारी शक्ती आधीच खर्ची घातली होती. या उत्तरात कथेला बाहेरून नवी माहिती जोडलेली नाही; फ्रोडोने इतर पात्रांवर केलेली दया त्याच्याच वाट्याला कशी येते, हे कथेत असलेलेच त्यातून अधिक स्पष्ट दिसते.

याउलट, प्रत्येक कोपऱ्याचा नकाशा मागणाऱ्या कुतूहलाचा धोकाही त्यांनी ओळखला होता. दूरच्या इतिहासाच्या ओझरत्या दर्शनात या ग्रंथाचे आकर्षण आहे आणि तिथे प्रत्यक्ष पोहोचल्यास ते ओसरते, असे त्यांनी एका वाचकाला लिहिले. तरीही ऑर्क या दुष्ट सैनिकवंशाचा उगम त्यांना अखेरपर्यंत छळत राहिला. त्यावरील त्यांची परस्परविसंगत टिपणे मृत्यूनंतर पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९९३ मध्ये छापली. त्यांतील एखादे टिपण अंतिम ठरवून मूळ कादंबरीवर लादणे चूक आहे. लेखकाचे ग्रंथाबाहेरचे उत्तर एका अत्यंत जाणत्या वाचकाचे मत म्हणूनच वाचले पाहिजे.