स्त्रीच्या श्रमाची मजुरी आणि प्रमाणपत्राची साक्ष

एखाद्या स्त्रीने सहा महिने राबावे आणि तिची मजुरी दुसऱ्याच्या हाती पडावी, तर ती मजुरी अदा झाली असे म्हणता येईल काय? वरवर हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो हक्काचा आणि अमानतीचा आहे. आपल्या घरातल्या साखरेशीही त्याचा संबंध आहे.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती पुरुषाच्या हाती, आणि हिशेबही त्याच्याशीच करतो. पत्नी पहाटे उठून भाकऱ्या थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. परंतु वहीत बहुधा तिचे नाव नसते. बाळंतपणामुळे वा आजारपणामुळे काम बुडाले की 'खाडा' पडतो आणि दंड कापला जातो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाची चौकशी केली. बीड जिल्ह्याच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या व्यवस्थेत आजारी पडणे हाच गुन्हा ठरतो, तिथे शरीरदेखील हिशेबात कापले जाते.

पवित्र कुरआनने सूरह निसाच्या ३२व्या आयतीत पुरुषाच्या कमाईत पुरुषाचा आणि स्त्रीच्या कमाईत स्त्रीचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिला आहे. त्याच सूरहच्या चौथ्या आयतीत महर स्त्रीलाच देण्याचा आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीद दिली, त्या ताकिदीतून स्त्री मजूर वगळलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, "पती-पत्नीचा संसार एकच, पैसा कोणाच्या हाती दिला याने काय बिघडते?" हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, कारण संसार खरोखरच दोघांचा असतो. परंतु शरीअतने कुटुंबाच्या खर्चाची जबाबदारी पतीवर टाकली आहे. पत्नीच्या कमाईची मालकी त्याला दिलेली नाही. पत्नीने आपल्या खुशीने संसारात खर्च केला तर तो तिचा उपकार, तिचे पुण्य. शिवाय उचल हे कर्ज आहे. एकाने घेतलेल्या कर्जाला दुसरी व्यक्ती तिच्या स्वतःच्या संमतीने जामीन राहिल्याविना बांधली जात नाही. जिला कोणी विचारलेच नाही, तिच्या श्रमातून ते कर्ज वसूल होत असेल, तर तो व्यवहार न्यायाचा कसा म्हणावा?

महाराष्ट्रातील साखर शीतपेये व मिठाई बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचते. अशा कंपन्या आपला माल न्याय्य मार्गाने आला आहे हे दाखवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांचा आधार घेतात. उसासाठी 'बॉनसुक्रो' हे असेच एक मानक आहे. भेदभाव नसावा, सक्तीचे श्रम नसावेत, किमान वेतन मिळावे, अशा अटी त्यात आहेत. अटी उत्तम आहेत. तरीही २०२४ साली 'द न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'द फुलर प्रोजेक्ट' यांनी महाराष्ट्राच्या फडांतील स्त्रियांचे कर्ज, दंड आणि शस्त्रक्रिया यांचे वास्तव जगासमोर मांडले, ते याच साखळीच्या टोकाशी होते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. खरेदीदार म्हणतो, आमचा व्यवहार कारखान्याशी. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याच वहीत नाही, तिच्याविषयी वही पाहणाऱ्याला काय कळणार?

प्रमाणपत्र ही एक साक्ष आहे, आणि साक्ष ही अमानत आहे. सूरह बकराच्या २८३व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण दोषी ठरवले आहे. जे पाहिले नाही त्याची ग्वाही देणे हेही त्याच्याच जवळचे. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले, तेव्हा त्यांनी वरचे दाणे पाहून समाधान मानले नाही, हात आत घातला आणि बोटांना ओल लागली. ओलसर धान्य खाली लपवणाऱ्याला त्यांनी खडसावले. तपासणी कशी असावी याचा हा धडा आहे. मानके टाकाऊ नाहीत. मात्र हात ढिगाच्या आत गेला पाहिजे. स्त्रीचे नाव वहीत वेगळे असावे, मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी, बाळंतपणाचा व आजाराचा खाडा कापला जाऊ नये, आणि तपासनिसाने मुकादमाला दूर ठेवून तिच्याशी बोलावे. एवढे झाले नाही, तर समानतेचे कलम कागदावरच राहील.

परंतु परदेशी कंपन्यांना बोल लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्यातही शेतकरी आहेत, ठेकेदार आहेत, कारखानदार आहेत. घरी बसून शिलाई, जरीकाम वा पापड करणाऱ्या भगिनींचे पैसे त्यांचे पती, दीर वा भाऊ परस्पर घेऊन जातात, हे आपल्या वस्त्यांतही घडते. काम देणाऱ्याने ते तिच्याच हाती मोजून द्यावेत, आणि घरातील पुरुषांनी ते मागण्यापूर्वी ते कोणाचे आहेत हे आठवावे. अन्न हलाल आहे की नाही हे आपण विचारतो. ते तय्यिब, म्हणजे निर्मळ आहे की नाही हेही विचारण्याची सवय लागली पाहिजे. त्यासाठी सर्वांत आधी आपल्या हाताखाली राबणाऱ्या स्त्रीचा हिशेब चुकता हवा.

कियामतच्या दिवशी प्रत्येक हक्कदार आपला हक्क मागेल. त्या दिवशी कोणाचेही प्रमाणपत्र कामी येणार नाही. अल्लाह आपणांस हक्क अदा करण्याची आणि खरी साक्ष देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.